केलगेरीचा शीळकरी कस्तूर

धारवाडात सुधींद्र मास्तरांचं आडनाव विचाराल तर दहातले नऊजण डोकं खाजवतील. 'हक्की मास्तर' म्हणा, रिक्षावाला थेट केलगेरीच्या तळ्याजवळच्या त्यांच्या फाटकाशी आणून सोडेल. हक्की म्हणजे कानडीत पक्षी. चौतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, पण हेडमास्तर काही झाले नाहीत, शिकवण्या घेऊन घरावर दुसरा मजला चढवला नाही. मिळवलं ते एवढंच नाव, आणि खरं सांगायचं तर या नावावर त्यांचा जीव हेडमास्तरकीपेक्षा जास्त होता.

त्या नावाला वजन आलं ते एका पक्ष्यामुळं. १९९२ च्या फेब्रुवारीत मास्तर नेहमीसारखे पहाटे खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून तळ्याकडं निघाले आणि वाटेतच चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात धरून, अनवाणी, चडफडत घरी परतले. फाटक लोटतात तोच घराच्या मागून शीळ ऐकू आली. अशीतशी नाही. लांब, सावकाश, वर चढता चढता मध्येच विचार बदलून खाली येणारी, एकटं चाललेलं पोर मन रमवायला घालतं तशी. मास्तर जागच्या जागी थिजले. ही शीळ त्यांनी दांडेलीच्या जंगलात ओढ्याकाठी दोनदा ऐकली होती. शीळकरी कस्तूर. दाट झाडी आणि वाहतं पाणी सोडून सहसा न हलणारा घाटातला पक्षी, आणि तो इथं, त्यांच्या परसात. भिंतीच्या कोपऱ्याआडून त्यांनी माईक पुढं केला आणि सत्तेचाळीस सेकंद टेप चालवली. मग पायाखाली नारळाची वाळकी झावळी कडकडली आणि शीळ बंद झाली.

ते धावत मागं गेले. त्यांची बायको जयलक्ष्मीबाई दगडाशी बसून भांडी घासत होत्या. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, तोच मास्तर म्हणाले, "शूऽ, बोलू नकोस. कुठं गेला?" बाईंनी राखेनं भरलेला हात उचलून शेवग्याच्या झाडाकडं दाखवला.

झालं. बंगळूरच्या पक्षिमित्रांच्या एका पत्रिकेत मास्तरांचं टिपण छापून आलं. त्यात त्यांनी ठोकून दिलं, की पक्षी पूर्वेकडं उडून गेला आणि माझ्या पत्नीनंही तो पाहिला. शाळेत पेढे वाटले. बेळगाव, हुबळी, शिरसी, कुठून कुठून माणसं टेप ऐकायला यायची, सोप्यात डोळे मिटून बसायची, आणि जयलक्ष्मीबाई त्यांना उप्पीट आणि चहा आणून द्यायच्या. पक्षी मात्र पुन्हा आला नाही. मास्तर त्याबद्दल असं हळहळून बोलायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं यांचं घरातलंच कुणी गेलंय.

अकरा वर्षांनी, म्हणजे २००३ च्या सप्टेंबरात, एक पत्र आलं. जिल्ह्यातल्या पक्ष्यांचं पुस्तक निघणार होतं. केलगेरीच्या कस्तुराची नोंद संपादकांनी 'शंकास्पद' या सदरात टाकली होती. ध्वनिमुद्रणाचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, आणि सोबतचा फॉर्म महिन्याभरात पाठवावा, नाहीतर नोंद वगळण्यात येईल, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं.

मास्तर अंगावर पाल पडावी तसे दचकले. "शंकास्पद म्हणजे काय? मी खोटं बोलतो?" असं त्यांनी घरात तीनदा, शेजारी दोनदा आणि दूधवाल्या नागोजीला एकदा विचारलं. नागोजी म्हणाला, "मास्तर, शहाणी माणसं असंच लिहितात, मनावर घेऊ नका." पण मास्तरांनी घेतलं. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. शाळा गेली, घंटा गेली, 'सर' म्हणणारी पोरं गेली. उरला होता तो हा एक पक्षी, आणि तोही आता पुस्तकातून उडणार असेल तर मग आपण कोण, हा प्रश्न त्यांना झोपू देईना.

तारणहार घरातच होती. मुलगी वेदश्री बंगळूरच्या एका संस्थेत बेडकांच्या आवाजांवर काम करायची. दसऱ्याला आली ती संस्थेचा लॅपटॉप घेऊनच. मास्तरांनी तिला हातपायसुद्धा धुवू दिले नाहीत.

"आधी शिकवते, मग तुमची टेप," वेदश्री म्हणाली. "नाहीतर तुम्हाला काय बघायचं ते कळणार नाही, आणि मला ओरडाल."

तिनं खिडकीत माईक ठेवला आणि पडद्यावर परसातला आवाज उमटायला लागला. डावीकडून उजवीकडं वेळ. खालून वर स्वराची उंची, म्हणजे जाड आवाज तळाला, बारीक आवाज वर. आवाज जेवढा मोठा तेवढी रेघ काळी. तांबट बोलला तर शिंप्यानं धावदोरा घातल्यासारखे एका ओळीत ठिपके. कोकीळ ओरडला तर चढणीची रेघ, पुढची तिच्याहून उंच, त्याच्यापुढची आणखी उंच. कावळ्याचा नुसता राडा. टिटवी तळ्यावरून ओरडत गेली तर तिच्या एका आवाजाच्या एकावर एक सहा रेघा, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या.

मास्तर लहान मुलासारखे हरखले. साठीला आलेला माणूस, पण खुर्चीतून अर्धा उठून पडद्याला नाक लावून बसला. "अगं, हे तर डोळ्यांनी ऐकणं झालं," ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं कानाचा भरवसा धरून बसलो." तासाभरात त्यांना सात पक्षी नुसत्या चित्रावरून ओळखता यायला लागले. मग त्यांनी देवघराच्या कपाटातून, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली ती कॅसेट आणली.

वेदश्रीनं जुना टेपरेकॉर्डर वायरीनं लॅपटॉपला जोडला. सत्तेचाळीस सेकंद वाजले. सोप्यात ती शीळ पुन्हा एकदा फिरली आणि मास्तरांच्या अंगावर नेहमीसारखा काटा आला. पडद्यावर एक देखणी, वळणदार काळी रेघ उमटली. "बघ," मास्तर म्हणाले, "बघ, शंकास्पद म्हणे."

वेदश्रीनं दुसरी एक फाईल उघडली. दोन वर्षांपूर्वी तिनं स्वतः दांडेलीत टेप केलेला शीळकरी कस्तूर. दोन चित्रं एकाखाली एक लावली. मास्तरांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं. चाल तीच होती, वळणंही बरीचशी तीच. पण कस्तुराची रेघ उड्या मारत होती, खाली काय, वर काय, मध्येच एका वेळी दोन रेघा. आणि मास्तरांची रेघ एकटीच, खालच्या पट्टीत, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी.

"निराळा पक्षी असेल. वयस्कर," मास्तर म्हणाले.

"अप्पा, हे बघा." तिनं शिळेच्या प्रत्येक तुकड्याआधी दिसणाऱ्या करड्या डागावर बोट ठेवलं. "हा श्वास आहे. चार सेकंद शीळ, मग श्वास. पुन्हा शीळ, पुन्हा श्वास. एवढा मोठा श्वास घ्यायला छाती माणसाची लागते."

"म्हणजे कुणीतरी मला फसवलं," मास्तर म्हणाले. "नागोजी. दूध घालायला मागच्या बाजूनंच यायचा तो. अकरा वर्षं मला बघून गालातल्या गालात हसत असेल. आत्ता जातो आणि विचारतो त्याला."

"बसा अप्पा."

"बसू काय? माझ्या नावाचा पोरखेळ केला त्यानं."

"अप्पा, बसा." वेदश्रीचा चेहरा उतरला होता. "वरच्या बाजूला या बारीक उभ्या रेघा आहेत ना, खूप उंच पट्टीत, तो मागचा आवाज कशाचा म्हणून लिहिलंत टिपणात?"

"पाण्याचा. टाकी भरून वाहत होती. कस्तुराला वाहतं पाणी लागतं, म्हणूनच तर तो आला, असं लिहिलंय मी."

वेदश्रीनं शिळेची पट्टी पुसून टाकली, टेपची खरखर पुसून टाकली, आणि उरलेला वरचा आवाज तेवढा मोठा करून वाजवला. किण किण, किण. किण किण, किण. त्याच्याखाली काथ्यानं पितळ घासल्याचा खसखस आवाज.

काचेच्या बांगड्या. एकतीस वर्षं रोज कानावर पडलेल्या, इतक्या की कधी ऐकू न आलेल्या.

"मग? ती भांडी घासत होती," मास्तर म्हणाले. "बांगड्या वाजणारच की."

"हो. आता शेवट बघा." तिनं चित्र पुढं सरकवलं. एक जाडजूड काळा पट्टा, झावळीचा. त्याच्या डाव्या अंगाला शीळ होती, बांगड्या होत्या, खसखस होती. उजव्या अंगाला काहीच नव्हतं. पांढरा पडदा. "पक्षी दचकून गप्प झाला असता, अप्पा. पण त्याच क्षणी आईचा हात का थांबावा?"

मास्तरांनी पुढं वाकून पाहिलं. एकदा पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चित्र बदललं नाही. डोकं असं बधिर झालं, की आपण कोणत्या खोलीत आहोत हेही त्यांना क्षणभर उमगेना. बायको, शीळ. हे दोन शब्द त्यांच्या डोक्यात एका ओळीत उभेच राहीनात. नागोजीवर संशय घेता आला, शेजारच्या पोरांवर घेता आला असता, रस्त्यानं जाणाऱ्या कुणाही सोम्यागोम्यावर घेता आला असता. पाच हातांवर बसलेल्या बाईचा विचार मात्र अकरा वर्षांत एकदाही मनाला शिवला नव्हता. टेप ऐकायला आलेल्या त्या सगळ्या जाणत्या माणसांच्याही मनाला नाही. आमच्याकडच्या घरात लेकीसुना शीळ घालत नाहीत, विषय संपला. कोण कशाला तिकडं बघेल?

जयलक्ष्मीबाई स्वयंपाकघरात सुपात शेंगा घेऊन फोडत बसल्या होत्या. मास्तर दारात उभे राहिले. सोप्यातला आवाज आतपर्यंत आला असणारच, कारण बाईंनी मान वर न करताच विचारलं, "कळलं वाटतं शेवटी?"

त्या 'शेवटी'नं मास्तर दारातच खाली बसले.

"तू?"

"मी."

"तुला शीळ येते?"

"कॅसलरॉकला बाबांची स्टेशनमास्तरकी होती ना," बाई म्हणाल्या, जसं काही हे रोजचंच बोलणं. "क्वार्टरच्या मागं ओढा. पावसाळ्यात तो पक्षी दिवसभर तिथं. बहीण सुशीला भित्री, ती घरात बसायची. मी ओढ्यावर. तो घालायचा, मी तशीच परत घालायची. मग तो पुन्हा. त्याचं त्यालासुद्धा कळायचं नाही, मग तुम्हाला कुठून कळणार?"

"एकतीस वर्षं झाली लग्नाला," मास्तर म्हणाले.

"पहिल्याच आठवड्यात तुमच्या आईंनी ऐकलं. सुनेनं शीळ घातली की घरातली लक्ष्मी उठून जाते म्हणाल्या. मग सोडलं. त्या गेल्यावर पुन्हा सुरू केलं. तुम्ही तळ्यावर गेलात, वेदा शिकवणीला गेली, की मागं दगडापाशी बसून घालायची. तेवढा अर्धा तास माझा असायचा."

वेदश्री बापाच्या मागं येऊन उभी राहिली होती.

"मला का नाही सांगितलंस?" मास्तर म्हणाले. यात राग होता की विनवणी, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"सांगतच होते की. तोंड उघडलं होतं मी. तुम्ही म्हणालात, बोलू नकोस." बाईंनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "कुठं गेला म्हणालात, तर मला हसू आलं, झाडाकडं बोट केलं. म्हटलं संध्याकाळी सांगू, दोघं मिळून हसू. संध्याकाळी तुम्ही बंगळूरला ट्रंककॉल लावून आलात. तुमचा चेहरा असा फुलला होता, वेदा झाली तेव्हाही नव्हता तसा. मग जीभ उचलली नाही."

"आणि नंतर? नंतर कधी?"

"नंतर कसलं, अहो. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तळं सोडलंत. मागच्या दारात वेताची खुर्ची टाकून, टेप मांडीवर घेऊन बसायला लागलात. पहाटे पाचपासून. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, सात वर्षं. मी तुमच्यासमोर बसून भांडी घासायची, आणि तुम्ही मला म्हणायचात, जरा हळू घास, पक्षी यायचाय."

मास्तरांना ते आठवलं. शब्दन्‌शब्द आठवलं. आपणच बोललो होतो ते. अकरा वर्षं ज्याच्यासाठी हळहळलो, लोकांना सांगत सुटलो की हवा बिघडली, झाडं तुटली, म्हणून येत नाही बिचारा, त्याच्या मानेवर रोज सकाळी आपणच खुर्ची टाकून बसत होतो. विज्ञानाचा मास्तर म्हणे.

"जया," ते म्हणाले. एरवी ते 'अगं' म्हणायचे, नावानं हाक मारायचे नाहीत. "आता घाल. एकदाच. टेप नको, काही नको. मी नुसता बसतो."

बाई हसल्या. तोंड मिटून. "आता कुठली? केशवापूरच्या डॉक्टरकडं वरचे पुढचे चार दात काढले ना नव्याण्णव साली. कवळी बसवल्यावर एकदा मागं जाऊन बघितलं होतं घालून. शीळ जमत नाही. हवा जाते नुसती."

त्या दवाखान्यात मास्तर बरोबर गेले होते. बाहेर बाकावर बसून त्यांनी पत्रिकेचा नवा अंक वाचून काढला होता. आत बायकोच्या तोंडातून काय काढून घेतायत, हे विचारायला सुचलंच नव्हतं. डॉक्टरनं 'किरकोळ आहे' म्हटलं आणि यांनी मान डोलावली. जमिनीवर हात टेकून ते नुसते तिच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि मग म्हातारा माणूस रडतो तसे आवाज न करता रडले.

"आता हे काय," बाई म्हणाल्या. त्यांनाही धक्का बसला असावा, कारण सूप बाजूला ठेवून त्या जवळ आल्या. "माझं ऐका. तो पक्षी राहू द्या तुमचा. कुणाला कळतंय? वेदा काही सांगत नाही, मी तर इतकी वर्षं सांगितलं नाही. शिळेचं काय घेऊन बसलात, लोक तुम्हाला त्यामुळं मान देतात. तो कशाला घालवता या वयात?"

वेदश्री म्हणाली, "मी खोटं चित्र देणार नाही, अप्पा. पण नोंद मागं घेतो, एवढं एका ओळीत लिहा. कारण द्यायला कुणी सांगितलंय? आईचं नाव त्यात आलं तर अख्खं धारवाड हसेल. तिला हसतील, तुम्हाला जास्त हसतील."

मास्तरांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि ते उठले. सोप्यात जाऊन त्यांनी संपादकांचा फॉर्म काढला, पेन काढलं, आणि लिहायला बसले. मायलेकी मागं उभ्या राहून वाचत होत्या. पक्ष्याचं नाव, या रकान्यात आधी टाईप केलेलं 'शीळकरी कस्तूर' त्यांनी एका रेघेनं खोडलं. ती रेघ ओढताना त्यांना क्षणभर थांबावं लागलं. मग त्याच्यावर लिहिलं, 'माझी पत्नी, सौ. जयलक्ष्मी, त्यावेळी वय बेचाळीस. ही शीळ तिची आहे. ती कॅसलरॉकच्या कस्तुराकडून शिकली. ओळखण्यात चूक माझी.' निरीक्षणाचं अंतर, या रकान्यात लिहिलं, 'पाच हात.'

"अहो, पुरे," जयलक्ष्मीबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

मास्तरांनी मान हलवली आणि पान उलटलं. मागच्या बाजूला शेवटचा प्रश्न होता, तोही अशा फॉर्मांत असतो तसा कोरडा. हा आवाज त्याच ठिकाणी पुन्हा ऐकू आला का? नसल्यास संभाव्य कारण लिहावे.

त्यांनी लिहिलं, 'नाही. मी रोज तिथं जाऊन बसलो.'